आईचे इओसिनोफिल "शून्य" कसे आले? सीओपीडीवाल्यांनी जुन्या हिमोग्रामची पिशवी टाकू नका

कृष्णाकाठी (सांगली)

नमस्कार मंडळी, धागा मोठा होणार आहे, पण ज्यांच्या घरात धाप लागणारं माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागते तो आजार. वय ६७, माहेर सासर दोन्ही तासगाव तालुक्यात. विडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं गेली, हंगामात बेदाण्याच्या शेडवर जायची तिथली गंधकाची धुरी, आणि रोजची मिश्री, ती तव्यावर भाजायला घेतली की सोप्यात बसलेल्यांना पण ठसका लागायचा. आता तिची वेणी एका दमात होत नाही. हात वर धरले की श्वास पुरत नाही. एक पेड घातला की हात मांडीवर, ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायचा, मग दुसरा पेड. मी घालते म्हटलं तर घालू देत नाही.

गेल्या दीड वर्षात चार वेळा बिघडली. दर वेळी तेच, आधी सर्दी, दोन दिवसांत छातीत घरघर, रात्र उशीला टेकून बसून काढायची, सकाळी गावातले डॉक्टर इंजेक्शन देणार आणि पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या, बरं वाटणार, की दोन-तीन महिन्यांनी परत. ऑगस्टमध्ये ॲडमिटच करावं लागलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांनी जीव वाचवला हे खरंच आहे. पण तिथं दुसऱ्या दिवशी जो हिमोग्राम केला त्यात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींतली एक जात) ० टक्के आले आणि डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की हे शून्य आहेत म्हणजे स्टिरॉइडवाला पंप यांना उपयोगाचा नाही, आणि तो बंद करून बिनस्टिरॉइडचा दिला. आम्ही मान हलवून घरी आलो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा धाप.

मग विश्रामबागेतल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्ड बघितलं, आईची छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "धाप नसताना, गोळ्या चालू नसताना केलेला एखादा जुना हिमोग्राम आहे का घरात?" मी नाही म्हणणार एवढ्यात आई म्हणाली, आहेत की, ट्रंकेत.

साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिक पिशवी. त्यात सगळं होतं, नातवाच्या डोसाचं कार्ड, सोसायटीच्या पावत्या, ईसीजीचे कागद (ते कोरे झालेले, अक्षर उडालेलं), हळदीची बोटं उमटलेले लॅबचे रिपोर्ट. मी रात्री जमिनीवर पसरून तारखेप्रमाणं लावले. २०२१ मध्ये मोतीबिंदूच्या आधी केलेला, टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) ९,१०० आणि इओसिनोफिल ४ टक्के. २०२४ च्या फेब्रुवारीत गावातल्या शिबिरातला, ८,२०० आणि ६ टक्के. आणि ऑगस्टचा हॉस्पिटलमधला, १४,६०० आणि ०.

डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढून दाखवलं. टक्क्यावर जायचं नाही, एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्के भागिले शंभर. २०२१ ला ३६४, २०२४ ला ४९२. आणि ऑगस्टचं शून्य हे आईचं नव्हतंच, ते स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं होतं! इंजेक्शन पडलं की काही तासांत या पेशी रक्तातून खाली जातात. आदल्या दिवशी गावात इंजेक्शन, रात्री ॲडमिट होताना परत एक, आणि सकाळी रक्त काढलं, मग काय दिसणार दुसरं.

त्यांनी लगेच पंप बदलला नाही. गोळ्यांचा कोर्स संपवून चार आठवडे जाऊ दिले, मग सकाळी हिमोग्राम केला, ७,४०० आणि ५ टक्के, म्हणजे ३७०. तेव्हा तीन औषधं एकत्र असलेला पंप सुरू केला, त्यात स्टिरॉइड आहे. सात आठवडे झाले. एवढ्यात गुण आला असं मी म्हणणार नाही, थंडी सरू दे मग लिहीन.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा कुठल्या दिवशी, कुठल्या औषधांवर असताना काढलाय हे बघितल्याशिवाय त्यावरून पंप बदलू देऊ नका, निदान विचारा तरी. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. इथं जाणकार आहेत त्यांनी चुकलं असेल तर दुरुस्त करा. आणि कुणाच्या घरी असंच झालंय का?

कराडकर७२

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडं बरोबर उलटं झालंय. वडील ७४, विडी चाळीस वर्षं, आता बंद केलीय पण फुप्फुसं गेली ती गेली, वजन ४६ किलो. तीन वर्षं जास्त पॉवरचा स्टिरॉइडचा पंप चालू होता, आणि त्या तीन वर्षांत दोनदा न्यूमोनिया झाला, दुसऱ्या वेळी आयसीयूत नऊ दिवस. आता तुम्ही सांगितलं तसं गुणाकार करून बघितला, जानेवारीतला रिपोर्ट, बरे असतानाचा, टीएलसी ६,८००, इओ १ टक्का. म्हणजे ६८. त्याच्या आधीचा पण ७० च्या आसपासच येतोय. मग यांना तो पंप कशाला दिला होता? हे मला आजवर कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही.

साताऱ्याची_सून

एक विचारू का, इस्नोफिलिया म्हणतात तो हाच का? आमच्या सासूबाईंना वीस वर्षांपूर्वी सांगितलेलं की रक्तात इस्नोफिलिया वाढलाय म्हणून खोकला येतोय, तेव्हापासून त्या सगळ्यांना तेच सांगतात, मला इस्नोफिलिया आहे. खोकला आला की मेडिकलमधनं सर्दीची गोळी. फुंकायची टेस्ट कधीच केली नाही. धाप आहे, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात. बापूंना (सासरे) वाटतं वय झालं.

स्लाइडवाला (मिरज)

मी मिरजेत लॅबमध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. औषधाचं डॉक्टर बोलतील, मी माझ्या टेबलावरचं सांगतो.

इस्नोफिलिया म्हणजे इओसिनोफिलियाच, बोलता बोलता तसं झालंय. इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींतली एक जात. रक्ताचा थेंब काचेवर ओढून लिशमन स्टेन लावला की ती लांबूनच ओळखू येते, केंद्रक दोन फुग्यांचं, चष्म्यासारखं, आणि आत सगळीकडं केशरी-लाल मोठे दाणे गच्च भरलेले. दुसऱ्या कुठल्या पेशीत असे दाणे नाहीत. इओसिन नावाचा रंग हे दाणे शोषतात म्हणून ते नाव, जर्मनीच्या पॉल एर्लिखनं १८७९ मध्ये दिलेलं.

आता कामाचं. हातानं डिफरन्शियल करताना, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या जाती वेगवेगळ्या मोजताना, आम्ही स्लाइडवर साधारण १०० पेशी मोजतो. समजा पेशंटचा टीएलसी ८,०००. शंभरात ३ इओसिनोफिल सापडले तर २४०, ४ सापडले तर ३२०. म्हणजे काच एक रेघ सरकवली आणि एकच पेशी जास्त दिसली की माणूस ३०० च्या अलीकडून पलीकडं, आणि स्टिरॉइडच्या पंपासाठी डॉक्टर बघतात ती रेघ हीच! यात लॅबची चूक नसते, शंभरच मोजल्यावर एवढा फरक पडणारच. मशीन हजारो पेशी मोजतं म्हणून तो आकडा जास्त भरवशाचा.

पण मशीनमध्येही बघा, छोट्या गावात बऱ्याच ठिकाणी थ्री-पार्ट मशीन असतं, त्यात इओसिनोफिल वेगळे येतच नाहीत, मोनोसाइट आणि बेसोफिलबरोबर एका गठ्ठ्यात "मिड" म्हणून येतात. मग टेक्निशियन स्लाइड बघून टाकतो, आणि गर्दी असली की... जाऊ दे, आमच्याच धंद्याबद्दल आहे पण सांगायला पाहिजे, काही ठिकाणी सगळ्यांनाच २ टक्के लिहिलेलं मी बघितलंय. त्यामुळे सीओपीडीसाठी हा आकडा पाहिजे असेल तर पाचही जाती वेगळ्या मोजणाऱ्या फाइव्ह-पार्ट मशीनवरचा हिमोग्राम मागा आणि ॲब्सोल्यूट काउंट (टक्के नव्हे, गुणाकार करून येणारा आकडा) लिहून द्या म्हणा. मशीन तो काढतंच, वेगळे पैसे पडत नाहीत.

आणखी एक, वेळ. दिवसभरात हे वरखाली होतात. शरीरातलं स्वतःचं स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं म्हणून दिवसा इओसिनोफिल कमी, रात्री जास्त. तुलना करायची तर दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त द्या.

कृष्णाकाठी

दादा, शंभरात एका पेशीचं जे सांगितलंत ते मला कधीच सुचलं नसतं. आईचे २०२१ आणि २०२४ चे दोन्ही हाताचेच दिसतायत, शेवटचा मशीनचा. तीनही ३०० च्या वर आहेत म्हणून जरा धीर आहे.

डॉ_कोयना (सातारा जिल्हा)

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. कुणा एकाच्या पेशंटबद्दल इथं बसून निर्णय सांगणार नाही, पण मूळ गोष्ट सांगतो कारण कृष्णाकाठी यांनी ज्या कळकळीनं लिहिलंय ते पुढं गेलं पाहिजे.

आधी हे स्पष्ट करतो की इओसिनोफिलवरून सीओपीडी आहे की नाही ते ठरत नाही. ते ठरतं स्पायरोमेट्रीवर, म्हणजे फुंकायच्या टेस्टवर. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन झाल्यावरसुद्धा पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा हे ०.७ च्या खाली राहिलं तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे. साताऱ्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंची ही टेस्ट झाली पाहिजे, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आणि "इस्नोफिलिया" हा स्वतः आजार नव्हे, ती एक खूण आहे, कशाची ते शोधावं लागतं. दमा, ॲलर्जी, जंत, एखादं औषध, आणि काही सीओपीडीच्या पेशंटमध्ये आजाराचाच एक प्रकार.

सीओपीडीत बहुतेकांच्या नळ्यांत जी सूज असते ती न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची, धुरानं आलेली. पण ढोबळमानानं दहातल्या दोन ते चार जणांत इओसिनोफिलचाही हात असतो. आणि स्टिरॉइडचा गुण इथं वेगळा पडतो, इओसिनोफिल स्टिरॉइडनं मरतात, न्यूट्रोफिल उलट जास्त काळ तग धरतात. म्हणून एकच पंप एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला नाही. इंग्लंडमध्ये डर्बीच्या मॉरो ब्राउन यांनी १९५८ मध्येच दम्याच्या पेशंटचा बेडका मायक्रोस्कोपखाली बघून दाखवलं होतं की ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल आहेत त्यांनाच स्टिरॉइडच्या गोळ्यांचा फायदा होतो. पण रोज बेडका तपासणं कुणाला जमणार, ते मागं पडलं. रक्तातला आकडा त्याची अगदी नक्कल नाही, पण पुरेसा जवळ जातो हे बऱ्याच उशिरा कळलं.

सीओपीडीच्या उपचारांची जगभर वापरली जाणारी गोल्ड नावाची मार्गदर्शिका आहे, तिच्यात २०१९ पासून हे आकडे आले. १०० च्या खाली असेल तर पंपातल्या स्टिरॉइडचा फायदा होण्याची शक्यता फार कमी. ३०० किंवा जास्त असेल तर फायद्याची शक्यता सगळ्यात जास्त. मधल्यांना थोडाफार. पण हे जिन्याच्या पायऱ्यांसारखं नाही, उतारासारखं आहे, २९० आणि ३१० मध्ये काही भिंत नाही. आणि नुसता आकडा बघून पंप द्यायचा नसतो, त्या माणसाला वर्षात किती वेळा धाप उसळते तेही बघायचं. वर्षात दोन किंवा जास्त वेळा गोळ्या-इंजेक्शन लागलं, किंवा एकदा ॲडमिट व्हावं लागलं, किंवा आधी दमा असेल, तर पारडं स्टिरॉइडच्या बाजूला झुकतं. वारंवार न्यूमोनिया, इओ १०० च्या खाली, किंवा पूर्वी टीबी झालेला असेल तर उलट बाजूला. टीबीचं आपल्याकडं मुद्दाम विचारायला लागतं, लोक सांगत नाहीत.

कराडकर, तुमच्या वडिलांबद्दल: वय, कमी वजन, फुप्फुसाची क्षमता कमी, इओ कमी, या सगळ्यांत पंपातल्या स्टिरॉइडनं न्यूमोनियाचा धोका वाढतो हे अभ्यासांत दिसलंय. पण हे वाचून पंप आपल्या मनानं बंद करू नका, हे मी हात जोडून सांगतो. हे सगळे कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांसमोर बसा. पूर्वी, आकडा बघायची पद्धत रुळायच्या आधी, सीओपीडी म्हटलं की सरसकट स्टिरॉइडचा पंप दिला जायचा, मीही दिलेत. कुणाला काढून घ्यायचा आणि कुणाला नाही यातही आकडा कामाला येतो, ३०० च्या वर असताना काढला तर पुन्हा बिघडण्याची भीती जास्त. कृष्णाकाठी यांच्या आईचं ऑक्टोबरमध्ये तसं झालं असू शकतं.

कराडकर७२

आभारी आहे डॉक्टर. बंद करत नाही. गुरुवारी अपॉइंटमेंट घेतलीय. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून ठेवलेत, ताईंसारखेच जमिनीवर पसरून.

सडेतोड

मला स्पष्ट बोलायची सवय आहे, राग मानू नका. हे आकडे बिकडे सगळं महागडे थ्री-इन-वन पंप खपवायला काढलंय असं माझं मत आहे. माझ्या मावशीला महिन्याला पंपाचा खर्च परवडत नाही म्हणून ती एक दिवसाआड घेते. तिला तुमचे ३०० आणि १०० सांगून काय उपयोग? गरिबाला सुटी गोळी आणि वाफ हेच परवडतं.

डॉ_कोयना

राग कशाला, मावशींचं दुखणं खरं आहे. तीन औषधांच्या पंपाचे मोठे अभ्यास कंपन्यांच्याच पैशानं झाले हेही खरं. २०१८ मध्ये आलेल्या त्यातल्या एकात १०,३५५ पेशंट होते, तीन औषधांनी धापेचे झटके दोन औषधांपेक्षा कमी झाले, आणि त्याच अभ्यासात स्टिरॉइड असलेल्या पंपात न्यूमोनिया जास्त दिसला हेही छापलंय. पण बघा, हाच आकडा १०० च्या खाली असेल तर महागडा पंप नको असं सांगायलाही तोच उपयोगी पडतो. कराडकरांच्या वडिलांना वेळेत बघितला असता तर खर्चही वाचला असता. आणि तपासणी कुठली, साधा हिमोग्राम, सरकारी दवाखान्यात होतो तो. मावशींचा बघा किती आहे. कमी असेल तर कदाचित त्यांना स्वस्तातला बिनस्टिरॉइडचा पंप रोजच्या रोज घेता येईल, एक दिवसाआडच्या भारी पंपापेक्षा तो बरा. सुटे रोटाकॅप (ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) पंपापेक्षा बरेच स्वस्त पडतात, तुमच्या डॉक्टरांना तसं सांगा, पैशाचं बोलायला संकोच करू नका.

सडेतोड

हे मला पटलं. मावशी ईश्वरपूरला असते, रविवारी जातोय.

वाळव्याचा_शेतकरी

आमच्या आईचं पण तसंच हाय. ऊस आणि हळदीचं रान, पाचट पेटवलं की आठ दिवस घरात धूर, हळद शिजवायच्या दिवसांत कायलीपुढं तीच उभी असायची. दर पावसाळ्यात दोनदा तीनदा धाप, गावात इंजेक्शन घेतलं की उभी राहते. मी विचारतो असं की आमच्याकडं सगळे अनवाणी रानात जातात, पाणी पाजताना चिखलात दिवसभर, तर जंतानं पण हे वाढतात ना? मग आईचा आकडा वाढलेला निघाला तर तो जंताचा की छातीचा हे कसं कळायचं?

डॉ_कोयना

लाखाचा प्रश्न विचारलात दादा. ३०० ची रेघ ज्या अभ्यासांतून आली त्यात बहुतेक पेशंट युरोप-अमेरिकेतले, तिथं जंतांचा प्रश्न जवळजवळ नाही. हुकवर्म आणि स्ट्राँगिलॉइड्स हे जंत ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटेच आत शिरतात, आणि दोन्ही इओसिनोफिल वाढवतात. म्हणून शेतात अनवाणी काम करणाऱ्याचा आकडा वाढलेला दिसला की शौचाची तपासणी करायची, जंताचं औषध द्यायचं, आणि काही आठवड्यांनी हिमोग्राम परत. तरीही वर राहिला तर तो छातीच्या हिशोबात धरायचा. स्ट्राँगिलॉइड्सला तर मी फार जपतो, कारण तो पोटात असताना गोळ्या-इंजेक्शनमधलं स्टिरॉइड वारंवार दिलं तर तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. दर पावसाळ्यात तीनदा इंजेक्शन घेणाऱ्या तुमच्या आईंसाठी ही तपासणी नुसत्या आकड्यापुरती नाही.

भंडाऱ्याची_लेक (सध्या सांगली)

यात एक भर घालते. आमच्या भंडाऱ्याकडं हत्तीरोगाचे डास आहेत. माझ्या काकांना तीन महिने रात्रीचा खोकला, घरघर, वजन उतरलेलं, आधी टीबी समजले मग दमा समजले. हिमोग्राममध्ये इओसिनोफिल काउंट चार हजारांवर! मग कळलं ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांमुळं होणारा फुप्फुसाचा आजार. डीईसीच्या (हत्तीरोगावरच्या) गोळ्या तीन आठवडे दिल्या आणि खोकला पहिल्या आठवड्यातच उतरला. म्हणजे काउंट हजारांत गेला तर सीओपीडीच्या पंपाचा विचार बाजूला ठेवून हे बघायला पाहिजे, बरोबर ना डॉक्टर?

डॉ_कोयना

अगदी बरोबर. यात काउंट साधारण ३,००० च्या वर जातो आणि खोकला रात्री जास्त. हा आजार आपल्या देशातच पहिल्यांदा नीट ओळखला गेला, १९४० मध्ये फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनी टीबीसारखा दिसणारा पण टीबी नसलेला आजार म्हणून लिहिला आणि १९४३ मध्ये वाइनगार्टननं त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं. जुन्या डॉक्टरांच्या तोंडात "इस्नोफिलिया" बसला तो मला वाटतं तिथूनच. साताऱ्याच्या ताई, सासूबाईंचा वीस वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला तर आकडा इथं टाका, शेकड्यात आहे की हजारांत तेवढं बघू.

साताऱ्याची_सून

तो नाही सापडला डॉक्टर, पण मागच्या वर्षी हर्नियाच्या वेळचा आहे, ॲब्सोल्यूट काउंट २१०. बापूंशी बोलले, आधी नको म्हणाले, मग मी जिन्याच्या मधल्या पायरीवरचं सांगितलं, त्यांच्या लक्षातच नव्हतं आलं की त्या रोज तिथं टेकतात. फुंकायच्या टेस्टला बुधवारी नेतोय.

मंगळवेढ्याचा_भाचा

पुण्यात मामांना डॉक्टरांनी म्हटलं की आता सीओपीडीसाठी इओसिनोफिलवर इंजेक्शन आलंय, महिन्याला घ्यायचं. ते काय प्रकरण आहे?

डॉ_कोयना

बायोलॉजिक म्हणतात त्यांना. हे स्टिरॉइड नव्हे, सुजेच्या साखळीतली एखादी ठरावीक कडी अडवणारं प्रथिन. ड्युपिलुमॅबला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये सीओपीडीसाठी मान्यता मिळाली, या आजारातलं पहिलंच बायोलॉजिक, ते दोन आठवड्यांनी घ्यायचं. मे २०२५ मध्ये मेपोलिझुमॅबला मिळाली, ते महिन्याला. ड्युपिलुमॅबच्या २०२३ च्या अभ्यासात ९३९ पेशंट होते, सगळ्यांचे इओ ३०० किंवा वर, तीन औषधांचा पंप चालू असूनही बिघडणारे, त्यांच्यात झटके वर्षभरात ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आधी पंप नीट घेतला पाहिजे, आकडा वर पाहिजे आणि तरी झटके येत पाहिजेत, तेव्हा त्याचा विचार. किंमत फार आहे. मामांचा पंप घ्यायचा हात बरोबर आहे का हे आधी बघून घ्या, माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी जणांचं औषध जिभेवरच बसलेलं असतं.

कृष्णाकाठी

हे पंपाचं डॉक्टर बोलले म्हणून लिहिते. आमच्या आईचं पण तेच होतं! पंप दाबायची आणि मग श्वास घ्यायची, पांढरा धूर तोंडातून बाहेर. आता स्पेसर दिलाय, बाटलीसारखा. आधी पूर्ण श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, दाबायचं, हळू ओढायचं, आणि मनात दहापर्यंत मोजायचं. आई दहा मोजत नाही, ती "गणपतीबाप्पा मोरया" दोनदा म्हणते मनात, तेवढाच वेळ होतो. मग मोरीत जाऊन गुळण्या, स्टिरॉइड तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी येते म्हणून. पहिल्या आठवड्यात विसरली तर लगेच आली होती.

आणि चूल. गॅस आहे घरात, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच होतं. डॉक्टर म्हणाले रक्तातला आकडा कितीही चांगला असला तरी धूर चालू ठेवून पंप घेणं म्हणजे एका हातानं भरायचं आणि दुसऱ्यानं सांडायचं. भावानं सोलर बसवला पाण्याला. भाकरीवर अजून भांडण चालू आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं ना की सिगरेट न ओढणाऱ्यांचा सीओपीडी केवढा मोठा आहे आणि त्यात चुलीचा धूर केवढा, ते मी आईला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग एवढी वर्षं कुणी बोललं का नाही गं. मला उत्तर देता आलं नाही.

स्लाइडवाला

ताई, पुढचा हिमोग्राम कधी आहे? पंप चालू असला तरी चालतं, फक्त गोळ्या किंवा इंजेक्शन झालेलं असेल तर लॅबमध्ये आधी सांगा, आम्ही रिपोर्टवर तशी नोंद करून देतो. सगळे करत नाहीत, पण मागितली तर करतात.

कृष्णाकाठी

मार्चमध्ये आहे दादा. नोंदीचं आत्ताच आईच्या फाइलवर लिहून ठेवलं. पिशवीची आता फाइल झालीय, प्रत्येक हिमोग्रामवर मी लाल पेननं लिहिलंय, त्या दिवशी तब्येत कशी होती, स्टिरॉइड शेवटचं कधी घेतलं, आणि गुणाकार.

कराडकर७२

गुरुवारी जाऊन आलो. डॉक्टरांनी कागद अर्धा तास बघितले. एकदम काढला नाही, आधी स्टिरॉइडचा डोस निम्मा केलाय, सहा आठवड्यांनी बोलावलंय, तोपर्यंत घरघर किंवा बेडका वाढला तर लगेच फोन करायचा. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस राहिली होती ती पण लिहून दिली. वडील गाडीत म्हणाले, पहिल्यांदा कुणीतरी माझे सगळे कागद वाचले.

वाळव्याचा_शेतकरी

ताई, मी पण शोधला. आईनं पंचमीच्या फोटोच्या मागं खोचून ठेवलेला. २०१९ चा हाय, तेव्हा धाप नव्हती, गुडघ्यासाठी केला होता. टीएलसी ७,६००, इओ ५. गुणाकार दोनदा केला, ३८० येतंय. शौचाच्या तपासणीचं पण विचारतो. सोमवारी दोन्ही कागद घेऊन मिरजेला येतोय.